आजारपणाची वर्गणी

आश्विन लागला तरी पावसाचा पाय सौंसरातून निघत नव्हता. पहाटे एक सर येऊन गेली आणि सात वाजता असं कडक ऊन पडलं की वस्तीतल्या छपरांच्या कवेलूंतून वाफा निघू लागल्या. कुसुमबाईनं ओसरीतून आभाळाचा अंदाज घेतला, घमेल्यात मूठभर मीठ टाकलं आणि लाल कापड त्या पाण्यात दाबून बुडवलं.

लाल कापड ती तीनदा धूत असे. पहिल्या पाण्याला जास्वंदीचा रंग, दुसऱ्याला फिका गुलाबी, आणि तिसरं पाणी विहिरीतून आत्ताच काढल्यासारखं नितळ. तिसरं पाणी नितळ निघाल्याशिवाय त्या कापडाला कात्री लागत नसे. निळं, पिवळं, पांढरं कापड एका पाण्यात सुटायचं. नारिंगी बाजारात मनासारखं मिळत नव्हतं, म्हणून ते ती घरीच रंगवायची. सगळं वाळलं की उभ्या पट्ट्या कापायच्या, निळी काठीच्या बाजूला, मग पिवळी, लाल, पांढरी, नारिंगी. सगळ्यात शेवटी सहावी पट्टी, पाचही रंगांचे तुकडे एकावर एक जोडून केलेली. घाईतले शिवणारे ती गाळतात. कुसुमबाईच्या पंचशील झेंड्यात ती कधी चुकली नाही.

शहाऐंशी साल होतं. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा आणि तिकडे पांढुर्ण्यापर्यंतच्या बौद्ध वस्त्यांत 'झेंडेवाली बाई' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नसे.

धंद्यात ती पडली त्याला चारेक वर्षं झाली होती. नवरा शालिकराम कापसाच्या जिनात कामाला. दिवाळी ते होळी कापूस असेपर्यंत काम, पुढं संत्र्याच्या बगीच्यात झाडांना आळी करायला जायचं. मुलगा प्रकाश संत्र्याच्या पेट्या ठोकायचा, तेही बहार असला तर. घरात जुनं शिलाई मशीन होतं, पण ब्लाऊज शिवणाऱ्या बाया सौंसरात गल्लोगल्ली. कुसुमबाईकडे येणारं गिऱ्हाईक उधारीचं, नाहीतर नात्यातलं. मग एका जयंतीला तिनं पाहिलं की विहारावरचा झेंडा उन्हानं पार विटून गेलाय. लोक दसऱ्याला नागपूरला जात, दीक्षाभूमीवरून झेंडा आणत, आणि एप्रिल येईपर्यंत त्याचं फडकं होई. सौंसरच्या एकाही दुकानात तो मिळत नव्हता. एका कापडवाल्याला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, बाई, याला गिऱ्हाईक वर्षातून दोनदा, बाकीचे दिवस मी काय करू.

कुसुमबाई घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होती. वर्षातून दोनदा खरं, पण प्रत्येक घर. आणि न चुकता. ज्या मालाकडे मोठा दुकानदार ढुंकून पाहत नाही, तो माल आपला.

पहिल्याच वर्षी तोंडघशी पडली ती. पांढुर्ण्याला तिची धाकटी बहीण मालती दिलेली. तिच्या वस्तीनं अकरा झेंडे घेतले. चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली आणि अवकाळी पावसानं गाठली. लाल पांढऱ्यात उतरला. अकराच्या अकरा झेंडे गुलाबी. मालतीला पाण्याच्या नळावर बाया विचारू लागल्या, तुह्या बहिणीनं बारशाचे झेंडे शिवले काय वो. कुसुमबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पांढुर्ण्याला गेली, अकरा झेंडे परत आणले आणि महिनाभरात अकरा नवे देऊन आली. पैसे द्यायला आलेल्या माणसाचा हात तिनं मागं सारला. तेव्हापासून मिठाचं पाणी आलं, आणि तेव्हापासून पांढुर्ण्यानं दुसऱ्या कोणाचा झेंडा घेतला नाही. पुढं तिनं सायकलच्या हँडलला लावायचे वीतभर झेंडे काढले, ते तर पेट्या ठोकणारी पोरं आपसात पैज लावून घेत.

शालिकराम गमतीनं म्हणायचा, "अवं प्रकाशची माय, जिनात मले आता कोणी शालिकराम म्हणत नाही. झेंडेवालीचा माणूस म्हणतेत."

"मंग बरं हाये ना," ती म्हणायची. "कोणाचा तरी हाये म्हणून तं मानतेत."

त्या आश्विनात मात्र तिच्या डोक्यात झेंडे कमी आणि सून जास्त होती. मीनाला तिसरा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला भर पावसात कळा सुरू झाल्या. नागपूरला पोचायला इतका उशीर झाला की मूल हाती लागलं नाही. मीना वाचली. घरात विकण्याजोगं जे होतं ते सगळं त्या आठ दिवसांत गेलं, मशीन तेवढं कसंबसं राहिलं. निघताना डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं की पुढच्या वेळी घरी ठेवू नका, पोट कापूनच बाळ काढावं लागेल. ते वाक्य घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही, पण मीना ओसरीची पायरी चढली तरी कुसुमबाईचं लक्ष तिच्या पावलांकडे असे.

गावाबाहेर एका सेवाभावी मंडळीचा दवाखाना होता. लोक त्याला सिस्टरांचा दवाखाना म्हणत. तिथं मीनाला तपासायला नेलं तेव्हा कारकून मनोहरबाबूनं एक गोष्ट सांगितली. गळ्याला बारमाही मफलर असलेला किडकिडीत माणूस. बोलायचा हिंदी आणि मराठी मिसळून. दवाखान्यानं नवी योजना काढली होती. एका वस्तीतल्या चाळीस घरांनी मिळून घरामागे वर्षाला पंधरा रुपये भरायचे. मग त्या घरातलं कोणीही भरती झालं तर बिलाचा चौथा हिस्साच द्यायचा, ऑपरेशन असलं तरी. अट दोन. चाळीसच्या खाली घरं चालणार नाहीत. आणि कार्ड निघून तीन महिने झाल्याशिवाय फायदा नाही.

मीनाचे दिवस एप्रिलात भरत होते. म्हणजे डिसेंबर संपायच्या आत चाळीस घरं.

"चार वस्त्यांत फिरलो बाई," मनोहरबाबू म्हणाला. "कुठं दहा, कुठं बारा. बीमा म्हटलं की लोक उठूनच जातात."

कुसुमबाईनं ते मनावर घेतलं नाही. आपल्या वस्तीत बावन्न चुली, सगळी घरची माणसं. सांगितलं की समजतील, असं तिला वाटलं.

रविवारी विहारात वंदना झाली आणि ती उभी राहिली. पंधरा रुपये, चौथा हिस्सा, तीन महिने, सगळं नीट सांगितलं. सांगताना तीन-चारदा 'दवाखान्याचा बीमा' म्हणाली. बोलणं संपलं तसे सगळे नत्थूजींकडे पाहू लागले. नत्थूजी सत्तरीचे, छप्पन साली सौंसरहून नागपूरला चालत जाऊन दीक्षा घेतलेल्यांपैकी. वस्तीत कोणतंही काम त्यांची मान हलल्याशिवाय होत नसे. त्यांनी घसा साफ केला.

"बीमा करून कोण बरा झाला, मले सांगा. माह्या लोधीखेड्याच्या साडूनं बीमा काढला, आठ महिन्यांत गेला. नावातच लिवलं हाये बावा. बीमा काढला का मानूस बीमार."

विहारात हसं पिकलं. हसता हसता लोक मनातून मात्र दचकले, हे कुसुमबाईला दिसलं. मध्य प्रदेशाच्या या मुलखात अर्धी बोली हिंदी. 'बीमार' म्हणजे आजारी हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. आणि बीमा आजवर ज्याचा पाहिला तो मेल्यावरच मिळालेला पाहिला. जिवंत माणसासाठीही बीमा असतो हे सांगायचं कोणत्या तोंडानं.

मागून तुळशीराम उठला. तो नगरपालिकेत झाडूकामाचा मुकादम, हिशेबाला पक्का. त्यानं विचारलं, "वर्षभर आजारी नाही पडलो, तं पैसे वापस भेटतीन का?"

"नाही भेटत," कुसुमबाई म्हणाली.

"मंग वाया ना."

अकरा घरांनी नाव दिलं. त्यात तिचं एक.

पुढचा महिना ती दारोदार फिरली. बाया चहा पाजत, मीनाची चौकशी करत, आणि बीम्याचं नाव काढलं की पदर सावरून उठत. एका म्हातारीनं तर तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगितलं की बाई, घरात दोन जिवांची सून असताना असलं तोंडातून काढू नये. अकराची चौदा घरं झाली. आणि एक दिवस भाकरी थापता थापता मीनाच म्हणाली, "आत्याबाई, बीमा नका म्हणू. मले धडकी भरते."

कुसुमबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. पोरीचं चुकतंय असंही तिला म्हणवेना.

नोव्हेंबर सरता सरता पांढुर्ण्याला झेंडे पोचवायचे होते. मालतीकडे दुपारी जेवून दोघी बहिणी दारात बसल्या होत्या, तेव्हा सहा डिसेंबरच्या कार्यक्रमाची वर्गणी मागणारी मंडळी आली. मालतीनं डब्यातून पैसे काढून दिले. शेजारच्या कलाबाईनंही दिले, आणि देताना सहज म्हणाली की आपण पाच तारखेलाच माहेरी जाणार, बाप दुखणाईत आहे.

मंडळी पुढं गेल्यावर कुसुमबाईनं तिला विचारलं, "तू तं राहणार नाहीस. भोजनदानाले नाही, भाषणाले नाही. मंग कायले दिले वो?"

कलाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी विचारावं की सकाळी तोंड का धुतेस. "वर्गणी हाये ना बाई. राहनं न राहनं त्यात कुठून आलं?"

परतीच्या बसमध्ये कुसुमबाईला खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर संत्र्याचे बगीचे, कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओळी, काहीच तिला दिसलं नाही. शेजारची बाई दोनदा काही बोलली, तेही कानावर पडलं नाही. सौंसरच्या स्टँडवर ती उतरली ती घरी न जाता सरळ नत्थूजींच्या दारात.

वस्तीची रीत होती. वर्गणी कोणतीही असो, जयंतीची, लग्नाची, कोणाच्या जळालेल्या घराची, पहिली नत्थूजींकडून घ्यायची. त्यांचं नाव वर आलं की मग दुसऱ्या दारी जायचं. नत्थूजी ओसरीत बाज विणत बसले होते. कुसुमबाईनं जयभीम केला, पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मामाजी, वर्गणी घ्याले आली."

"कायची?"

"आजारपणाची."

नत्थूजींनी सुंभ ओढून गाठ मारली. म्हातारा वस्ताद होता. "हा तोच बीमा होय ना? नाव बदलून आणला."

कुसुमबाईला खोटं बोलता आलं असतं. "होय, तोच होय," ती म्हणाली. "कागदावर बीमाच लिवलं हाये. नाव म्या बदललं, काम नाही बदललं."

"तं मंग?"

"मामाजी, मागच्या जयंतीले तुमी तापानं पडून होते. मिरवणुकीत आले नाही, का जेवले नाही. वर्गणी वापस मागतली का तुमी?"

नत्थूजींचे हात थांबले.

"वस्तीत दर साली चार-दोन जण दवाखान्यात पडतेच," ती सांगत गेली. "कोणाचं घर येईन ते आपल्याले ठाव नाही. ज्याचं येईन त्याले बाकीच्याइनं उचलाचं. यंदा माह्या घरचं येणार, हे तं मी लपवून नाही राहिली. पुढच्या साली माह्या घरचं नाही येणार, पण मी देईन. बस, इतकंच हाये हे. याले तुमी बीमा म्हणा नाहीतं अजून काही."

म्हाताऱ्यानं सुंभ बाजेवर ठेवला. मग आत जाऊन आला. पंधरा रुपये तिच्या हातावर ठेवताना त्यांनी एकच बोट वर केलं. "माह्या साडूची गोष्ट कोणाले सांगू नको आता."

"ती तुमीच सांगतली जी, भर विहारात."

"म्हणून तं म्हणतो."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत वर्गणी सुरू झाली, जशी ती दर जयंतीला सुरू होते. कुसुमबाईबरोबर सुशीला नावाची आणखी एक बाई निघाली, तिचा आवाज खणखणीत होता. दार वाजवून पुढचा प्रश्न येण्याच्या आत सुशीला सांगे, आजारपणाची वर्गणी, नत्थूजीनं दिली. कोणी विचारलंच, तर कुसुमबाई सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगे. कागदावर बीमा लिहिलेलं आहे हेही सांगे. आता मात्र कोणी दचकत नव्हतं. या वस्तीनं आयुष्यभर वर्गणीच दिली होती. विहार वर्गणीतून बांधला, विहीर वर्गणीतून उपसली, परक्या गावच्या पुतळ्यालाही इथून वर्गणी गेली होती. देणाऱ्यानं परत मागायचं नसतं हे इथं कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. दोघांनी पैशांऐवजी ज्वारी दिली, ती कुसुमबाईनं घरी ठेवून घेतली आणि त्यांचे पैसे स्वतःचे भरले. विहारातल्या फळ्यावर रीतीप्रमाणे नावं चढत गेली.

तुळशीराम तेवढा अडून होता. मुकादमाचं डोकं, वाया या शब्दावरून त्याचं घोडं हलेना. शेवटी त्याची बायको नळावरून पाण्याची गुंडी रिकामीच घेऊन परतली आणि त्याला म्हणाली की फळ्यावर आपल्या वरचं नाव आहे, खालचं नाव आहे, मधे जागा सोडून ठेवली आहे सुशीलानं, आणि अख्खा नळ त्या जागेबद्दल बोलून राहिला आहे. जागा खरंच सोडलेली होती. तुळशीराम त्याच संध्याकाळी पैसे देऊन गेला, वर म्हणाला, "मी तं देणारच होतो, तुमी घाई केली."

डिसेंबरच्या वीस तारखेला कुसुमबाई सिस्टरांच्या दवाखान्यात गेली. सेहेचाळीस घरं. मनोहरबाबूनं यादी दोनदा मोजली, मफलर सैल केला आणि विचारलं, कसं केलं बाई. तिनं सांगितलं तेव्हा तो मान हलवत हसला. तो शिकलेला माणूस, योजना त्यानं पाठ केलेली, आणि तो एका शब्दावर अडकून पडला होता.

जानेवारीपासून कुसुमबाईच्या पिशवीत दोन वस्तू असत. झेंडे आणि दवाखान्याचे फारम. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं ती रामाकोन्याला उतरे, लोधीखेड्याला उतरे. तिथल्या वस्त्यांना ती काही नवी नव्हती. जिच्या झेंड्याचा रंग उतरत नाही ती बाई सांगते म्हणजे त्यात काही काळंबेरं नसेल, एवढी तिची पत चार वर्षांत झाली होती. जिथं जाई तिथं आधी विचारी, तुमच्याकडे पहिली वर्गणी कोण देते. त्याच घरी पहिला चहा पिई. मार्च अखेर लोधीखेड्याची त्रेचाळीस घरं झाली, रामाकोन्याची चाळीस पुरी. दवाखान्यानं तिला येण्याजाण्याचं भाडं देऊ केलं, ते तिनं घेतलं. झेंड्यांसाठी जावंच लागतं, हे मात्र सांगून टाकलं, आणि मनोहरबाबू हसून म्हणाला की मग अर्धंच घ्या. तिनं अर्धंच घेतलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मीनाला भरती केलं. जयंती तोंडावर, झेंड्यांची मागणी अर्धी राहिलेली, आणि कुसुमबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात. प्रकाश कडुनिंबाखाली उभा होता, बोटांतले खिळ्यांचे घट्टे चोळत. मीनाला आत नेताना तिनं सासूचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, माह्या जवळच राहा," एवढंच म्हणाली. दार लागलं. शालिकराम बगीच्यातल्या कामावरून सुटी घेऊन आला होता, तो भिंतीशी बसला तो उठलाच नाही.

दहाच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या आणि हसल्या. मुलगी. दोघीही बऱ्या.

प्रकाश धावत व्हरांड्यात आला. शालिकरामनं टोपी काढली, पुन्हा घातली. कुसुमबाईनं पदरानं आधी तोंड पुसलं, मग डोळे.

पाचव्या दिवशी बिल आलं. चौथा हिस्सा. कुसुमबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि झेंड्यांच्या कमाईतून ते तिथल्या तिथं चुकतं केलं. कोणाकडे हात पसरला नाही, घरातलं भांडंसुद्धा हललं नाही. पावती घेताना तिची मान नेहमीपेक्षा जरा ताठ होती, आणि मनोहरबाबूनं ती पाहिली.

तेवढ्यात फाटकातून वस्ती आत शिरली. पुढं नत्थूजी काठी टेकत, मागं सुशीला, तुळशीराम, त्याची बायको, आणखी सात-आठ जण. एवढी माणसं पाहून सिस्टरनं विचारलं की पेशंटचे तुम्ही कोण.

"मी वर्गणीदार," नत्थूजी म्हणाले. "यंदा मी आजारी नाही पडलो. माही वर्गणी कुठं गेली ते पाहाले आलो."

सिस्टरला काही उमगलं नाही, पण तिनं बाळ आणून दाखवलं. नत्थूजींनी वाकून पाहिलं. तुळशीरामनं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

"वाया नाही गेली," तुळशीराम म्हणाला.

पुढं त्या मुलीचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं गेलं, शाळेत तेच लागलं. वस्तीत ती वर्गणीची पोरगी म्हणूनच वाढली. रस्त्यात कोणीही तिचा कान धरून म्हणे, पंधरा रुपये माहे हायेत तुह्यात. तिला त्याचा राग येत नसे. उलट ती कोणकोणाची आहे ते बोटांवर मोजून सांगे, आणि तिची बोटं पुरत नसत.

त्या दिवशी मात्र सगळे पांगल्यावर कुसुमबाईनं मीनाच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, शालिकरामला तिथं बसवलं आणि ती घरी आली. ऊन उतरायला लागलं होतं. संध्याकाळी आल्यागेल्यांसह नऊ माणसांच्या भाकरी करायच्या होत्या. तिनं कोनाड्यातून सूप घेतलं, कणगीतली ज्वारी त्यात ओतली आणि ओसरीत बसून पाखडायला लागली.